शाळेला स्मार्ट पॅनल मिळालाय, तासात नेमका कुठे आणि किती वापरायचा?

घाटमाथा
नमस्कार मंडळी. मी जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवते. यंदा एका कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक कामाच्या निधीतून) आमच्या शाळेला भिंतीवर लावायचा मोठा टच पॅनल मिळाला. नारळ फुटला, फोटो झाले, गाव खूश आहे आणि मीही खूश आहे. आता तो रोजच्या तासात कसा वापरायचा यासाठी हा धागा काढतेय. एक विनंती, नुसती ॲपची यादी देऊ नका, याद्या व्हॉट्सॲपवर ढिगाने येतात. तास कसा घेता ते सांगा.

आमची परिस्थिती अशी की तास ३५ मिनिटांचा, सहावी-सातवी बऱ्याचदा एकाच खोलीत, आषाढ-श्रावणात लाईट कधी जाईल आणि कधी येईल ते महावितरणच्या वायरमनलाही सांगता येत नाही, आणि मोबाईलला रेंज शाळेच्या ओट्यावर उभं राहिलं तर एक कांडी. पॅनलमध्ये कंपनीने आधीच व्हिडिओ भरून दिलेत. रंगीत आहेत, गाणी आहेत, पण मराठी पुस्तकी आणि धड्यांचा क्रम बालभारतीपेक्षा वेगळा. पोरं एकदम गप्प बसून बघतात. बघून झाल्यावर विचारलं तर गाण्याची चाल म्हणून दाखवतात पण झाडाचं पान हवेतून काय घेतं ते सांगता येत नाही. भेट द्यायला येणाऱ्यांना तो शांत वर्ग फार आवडतो. मला नाही आवडत, कारण वर्ग शांत असताना कोणाला काय कळलंय ते मला कळत नाही.

एक तास मात्र असा झाला की तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे. सातवीच्या गणितात पहिल्याच धड्यात त्रिकोणाच्या तीन बाजूंचे लंबदुभाजक काढायचे असतात, ते एका बिंदूत मिळतात, तो परिमध्य. वहीत काढताना पेन्सिल जाड, कंपासचा स्क्रू ढिला, तिन्ही रेषा कधीच एका बिंदूत येत नाहीत, मधे बारीक त्रिकोण उरतो, आणि पोरं माझ्या शब्दावर विश्वास ठेवून बिंदू देऊन टाकतात. त्या दिवशी आधी सगळ्यांना वहीत काढायला लावलं, मग जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरवर तोच त्रिकोण काढला आणि एकीला म्हटलं ये, शिरोबिंदू धरून ओढ. ती ओढतेय, त्रिकोण बदलतोय, पण रेषा काही एकमेकींना सोडत नाहीत. मग मी थांबवलं आणि विचारलं, आता कोन ९० च्या पुढे नेला तर हा बिंदू कुठे जाईल, वहीत लिहा. निम्म्या वर्गाने लिहिलं मधेच राहील. ओढल्यावर बिंदू भसकन त्रिकोणाच्या बाहेर गेला आणि जो काही आरडाओरडा झाला! एक मुलगा उठून म्हणाला बाई मग काटकोनाला तो बाजूवरच बसला पाहिजे. हे मी सांगितलेलं नव्हतं.

तर माझा प्रश्न हा आहे की हे असं रोज कसं घडवायचं? आणि कुठले धडे पॅनलवर न्यायचे, कुठले नाही?

सोलर_सर
मॅडम, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी औशाकडचा, आमच्याकडे पाऊस कमी पण भारनियमनाचं दुखणं तेच.

आधी व्यवस्थेचं बोलतो कारण ती नसली की बाकी सगळं हवेत राहतं. नेटवर अवलंबून राहायचंच नाही असं ठरवा. जिओजेब्रा कॉम्प्युटरवर इन्स्टॉल केलं की नेट लागत नाही. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट नावाची सिम्युलेशन (पडद्यावर स्वतः चालवून बघायचे प्रयोग) आहेत, कार्ल वीमन या नोबेल मिळालेल्या भौतिकशास्त्रज्ञाने २००२ मध्ये सुरू केलेला प्रकल्प, सगळं फुकट, बरीचशी मराठीतही आहेत, आणि एकेक सिम्युलेशन फाईल म्हणून उतरवून पेनड्राइव्हवर ठेवता येतं, ब्राउझरमध्ये उघडलं की चालू. विद्युत मंडल जोडणीचं आणि पदार्थाच्या अवस्थांचं ही दोन तरी घ्याच. तालुक्याला केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) कामाला जाता तेव्हा तिथं बसून उतरवून आणायचं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये जिओजेब्राचे धडे मराठीतून ऐकायला मिळतात, ते शिक्षकाने शिकायला चांगले आहेत, मुलांना दाखवायला नव्हे.

शाळेत एखादा जुना पडीक कॉम्प्युटर असेल आणि त्याच्याशी खटपट करणारं कोणी असेल तर कोलिब्री बघा. लर्निंग इक्वॅलिटी नावाची ना-नफा संस्था ते बनवते. एका मशीनवर सगळं साहित्य साठवायचं, राउटर लावायचा, आणि वर्गातले फोन-टॅब इंटरनेट नसताना त्या मशीनला जोडून तेच बघतात.

इन्व्हर्टर घेणार असाल तर पॅनलच्या मागच्या पट्टीवर किती वॅट लिहिलंय ते बघून घ्या, दुकानदार अंदाजाने देतो. आणि पावसात पॅनल आठवडाभर बंद ठेवू नका, रोज थोडा वेळ चालू ठेवला की आत ओल धरत नाही. विजा कडाडायला लागल्या की बटण बंद करून भागत नाही, पिनच काढून ठेवायची. उंदरांसाठी वायर पाईपमधून घ्या.

पालक_परभणी
आमच्या मुलाच्या शाळेत (खाजगी, इंग्रजी माध्यम) प्रत्येक वर्गात पॅनल आहे आणि त्याची फी वेगळी घेतात. मी घरी विचारतो आज काय झालं तर म्हणतो व्हिडिओ लावला. रोज व्हिडिओ. वहीत काही नाही. शिक्षक नवीन आहेत, पगार कमी, दर वर्षी बदलतात, त्यांना मी दोष देत नाही. पण पालक म्हणून मला विचारायचंय की व्हिडिओ बघायला शाळेत कशाला पाठवायचं, तो घरीही बघतोच की.

जुनी_पाटी
मी निवृत्त मुख्याध्यापक, वाई. परभणीकरांच्या मताशी मी सहमत आहे आणि जरा परखड लिहितो त्याबद्दल माफी असावी.

माझ्या नोकरीत मी रेडिओ पाहिला, शाळेला मिळालेला टीव्ही पाहिला, मग २००४ ला एज्युसॅट उपग्रह गेला तेव्हाच्या घोषणा ऐकल्या, मग कॉम्प्युटर लॅब आली, मग प्रोजेक्टर, मग टॅब. प्रत्येक वेळी वस्तू आधी आली, प्रशिक्षण नंतर आलं किंवा आलंच नाही, आणि दुरुस्तीचे पैसे कोणाच्याच हेडमध्ये नव्हते. कॉम्प्युटर लॅबच्या खोलीला कुलूप असायचं कारण चोरी झाली तर मुख्याध्यापकाच्या अंगावर. कुलपाआडच्या कॉम्प्युटरने कोण शिकणार?

आणि मुलांच्या डोळ्यांसमोर स्क्रीन काय कमी आहे का? असर या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या सर्वेक्षणाचा २०२४ चा अहवाल बघा, ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. शाळेचे सहा तास तरी त्यापासून मोकळे असू द्यात असं माझं मत आहे. वाचन, पाठांतर, फळ्यावर उदाहरण, आणि शिक्षकाचं मुलाच्या वहीकडे लक्ष, याला पर्याय नाही.

घाटमाथा
सर, तुमचं कुलपाबद्दलचं अगदी पटलं. आमच्या मुख्याध्यापकांशी बोलून पॅनलच्या खोलीची किल्ली शिक्षकखोलीतल्या खिळ्यावर ठेवायचं ठरलंय आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात तसं लिहून घेतलंय, म्हणजे उद्या काही झालं तर एकट्या माणसावर येणार नाही.

पण स्क्रीन म्हणजे सगळं एकच असं मला नाही वाटत. मूल एकटं कोपऱ्यात बसून फोन सरकवतं ते वेगळं आणि तीस पोरं एका चित्राकडे बघून भांडतायत की बिंदू आत राहील का बाहेर जाईल ते वेगळं. वहीकडे लक्ष हवं हे तर शंभर टक्के. तो परिमध्याचा तास मुळात वहीमुळेच झाला, आधी वहीत जमलं नाही म्हणून पडद्यावर बघायची ओढ होती.

संख्यारेषा
मी पुण्यात शिक्षणक्षेत्रात संशोधनाचं काम करते. जुनी_पाटी सरांचा संशय आणि घाटमाथाताईंचा अनुभव दोन्ही एकाच वेळी खरे कसे असू शकतात यावर आपल्याच देशातला एक अभ्यास आहे, तो सांगते.

गुजरातमध्ये ज्ञानशाला नावाच्या संस्थेच्या शाळा आहेत. ले लिंडन या अर्थशास्त्रज्ञाने तिथं गणिताचं एक सॉफ्टवेअर तपासलं, निष्कर्ष २००८ मध्ये आले. काही शाळांत ते रोजच्या तासाच्या जागी लावलं, म्हणजे शिक्षिकेच्या शिकवण्यातला वेळ काढून मुलांना कॉम्प्युटरवर बसवलं. काही शाळांत तेच सॉफ्टवेअर शाळा सुटल्यावर जादाचं म्हणून दिलं. पहिल्या ठिकाणी मुलं मागे पडली, न वापरणाऱ्या मुलांपेक्षाही मागे. दुसऱ्या ठिकाणी पुढे गेली, आणि जी कच्ची होती त्यांचा फायदा जास्त. सॉफ्टवेअर तेच, मुलं तशीच, फरक कशाचा तर त्याने कशाची जागा घेतली याचा. ज्ञानशालेत शिकवणं आधीच चांगलं होतं, त्यातलाच वेळ गेला.

दुसरं दिल्लीतलं. माइंडस्पार्क नावाचं सॉफ्टवेअर शाळेनंतरच्या केंद्रांत वापरून मुरलीधरन, सिंग आणि गॅनिमियन यांनी अभ्यास केला, २०१९ मध्ये छापून आला. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत दोन्हीकडे चांगली वाढ दिसली, गणितात जास्त. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. सुरुवातीच्या चाचणीत कळलं की सहावीतलं सरासरी मूल गणितात साधारण अडीच इयत्ता मागे आहे, आणि एकाच वर्गात दुसरीच्या पातळीपासून सहावीच्या पातळीपर्यंतची मुलं बसलीयत. शिक्षक मात्र सहावीचं पुस्तक शिकवतोय, कारण ते संपवायचंय. सॉफ्टवेअरने केलं काय तर प्रत्येक मुलाला त्याच्या पायरीवरचं गणित दिलं. व्हिडिओ लावून हे होत नाही, व्हिडिओ सगळ्यांना एकच असतो.

आणि नुसतं यंत्र हातात दिल्याने काय होतं त्याचं उदाहरण पेरू. तिथं लाखो मुलांना लॅपटॉप वाटले, २०१२ मध्ये मूल्यमापन आलं, गणित आणि भाषेच्या गुणांत फरक नाही. याच एक-मूल-एक-लॅपटॉप योजनेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात खैरातच्या एकशिक्षकी शाळेत झाला होता, हे आज फार कोणाला आठवत नाही.

मंडळींनी ठरवावं, पण मी प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारते: हे लावल्यामुळे तासातून काय बाहेर पडतंय? शिक्षिकेचं बोलणं-विचारणं बाहेर पडत असेल तर लावू नका. फळ्यावर नकाशा काढण्यात जाणारा वेळ बाहेर पडत असेल तर खुशाल लावा.

सोलर_सर
संख्यारेषा मॅडम, शेवटचं वाक्य मी आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत वाचून दाखवणार, चालेल ना?

संख्यारेषा
चालेल की, नाव नको घालू फक्त :)

उजेडवाट
मी नाशिकची, विशेष शिक्षिका. पाच-सहा शाळांमध्ये फिरते. एका गोष्टीकडे लक्ष वेधते.

आमच्याकडे नववीत एक मुलगी आहे, तिला दिसत नाही. पॅनल आल्यापासून वर्गात तिचं नुकसान झालंय. पूर्वी सर फळ्यावर लिहिताना तोंडाने म्हणायचे, "एक्सचा वर्ग अधिक पाच एक्स", तिला कळायचं. आता पडद्यावर सगळं येतं आणि सर म्हणतात "हे बघा, हे इकडे आलं, हे तिकडे गेलं". हे म्हणजे काय आणि तिकडे म्हणजे कुठे? मागच्या बाकावरच्या ज्या मुलांना चष्मा लागलाय पण घरच्यांना माहीत नाही त्यांचंही तेच होतं. सरांशी बोलले, त्यांनी लगेच बदल केला, जे दिसतंय ते बोलायचं. त्याने आख्ख्या वर्गाला फायदा झाला हे सरच सांगतात, कारण बोलताना वेग कमी होतो.

आणि हेच तंत्रज्ञान त्या मुलीला किती देतं तेही सांगते. फोनमधलं टॉकबॅक मराठी वाचून दाखवतं. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए नावाचं स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलेलं, फुकट. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयावर तिला वाचता येतील अशा स्वरूपातली पुस्तकं आहेत. ब्रेल पुस्तकं यायची वाट बघण्यात सत्र निघून जायचं, आता ती इतरांबरोबर धडा वाचते आणि कधी आधी वाचून येते. तेव्हा स्क्रीन वाईट म्हणणाऱ्यांनी तिलाही एकदा विचारावं. पुस्तकाच्या पीडीएफ नुसत्या पानांचे फोटो असतील तर मात्र रीडरला काही वाचता येत नाही, म्हणून नोट्स पाठवताना टाइप केलेल्या पाठवत जा, हाताने लिहून फोटो काढलेल्या नको.

जुनी_पाटी
उजेडवाट ताई, हा विचार मी केला नव्हता. त्या मुलीला आशीर्वाद सांगा.

कोरकू_कोपरा
धारणी, मेळघाट. पहिली-दुसरी. आमच्याकडे पॅनल वगैरे नाही, माझा स्वतःचा फोन आहे. तरी लिहितो कारण मला वाटतं लहान वर्गांना फोनमधलं सगळ्यात उपयोगी काय असेल तर रेकॉर्डर.

पोरं घरी कोरकू बोलतात. शाळेत आल्यावर पुस्तक मराठी, पहिले काही महिने बिचारी नुसती बघत बसतात. मी काय करतो तर मुलांना घरच्या म्हाताऱ्यांकडून गोष्ट ऐकून यायला सांगतो, जो सांगेल त्याचा आवाज रेकॉर्ड करतो, मग सगळे ऐकतात, मग त्यातले शब्द फळ्यावर एका बाजूला कोरकू एका बाजूला मराठी, दोन्ही देवनागरीतच. चित्रं पोरंच काढतात, फोटो घेऊन गोष्ट बनते. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे त्याच्यावर गोष्टी फुकट मिळतात आणि आपण भाषांतरही टाकू शकतो, आदिवासी भाषांतल्याही गोष्टी आहेत तिथं.

दुसरा वापर वाचनाचा. मूल मोठ्याने वाचतं, मी रेकॉर्ड करतो, त्यालाच ऐकवतो. कुठे अडकलं ते त्याला स्वतःला ऐकू येतं, मला चूक दाखवावी लागत नाही. महिन्याने पुन्हा तोच उतारा वाचून घेतो आणि दोन्ही आवाज एकामागे एक ऐकवतो. त्या वेळी त्या लेकराचा चेहरा बघावा. आईबापांना बोलवून ऐकवलं तर शाळेत पाठवायला नाही म्हणणारेही पाठवतात.

नेट लागत नाही, पैसे लागत नाहीत.

घाटमाथा
कोरकू_कोपरा दादा, हे मी उद्याच आमच्या दुसरीच्या बाईंना सांगते. आमच्याकडची बरीच मुलं महादेव कोळी, बोलतात मराठीच पण पुस्तकातली नव्हे. आवाजाचं हे फार आवडलं.

उत्तरेकडची
स्टॉकहोमजवळ राहते, माझी मुलं इथल्या सरकारी शाळेत आहेत. इथलं थोडक्यात सांगते कारण भारतात बातमी जरा वेगळी पोचली. स्वीडनने २०२३ मध्ये शाळांना छापील पुस्तकं घ्यायला ६८ कोटी ५० लाख क्रोनर दिले. चौथीच्या मुलांच्या वाचनाची जी आंतरराष्ट्रीय चाचणी असते तिच्यात स्वीडनचे गुण २०१६ ला ५५५ होते ते २०२१ ला ५४४ झाले, त्यावरून मोठी चर्चा झाली. पण शाळेतून कॉम्प्युटर काढून टाकले असं काही नाही. लहान मुलांना पुस्तक आणि पेन्सिल आधी, मोठ्या वर्गांना लॅपटॉप आहेतच. आणि खरी अडचण अशी होती की कित्येक शाळांनी पाठ्यपुस्तकं घेणंच कमी केलं होतं. आपल्याकडे बालभारतीचं पुस्तक पहिल्या दिवशी मुलाच्या हातात पडतं ते किती मोलाचं आहे ते इथं आल्यावर कळलं मला.

खडू_आणि_क्यूआर
पुस्तकाचा विषय निघालाच आहे तर क्यूआर कोडबद्दल कोणीच कसं बोललं नाही? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकात क्यूआर कोड लावायला सुरुवात केली, पुढे ते पाठ्यपुस्तकांत आले, २०२० ला त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून दिली, हे सगळ्यांना माहीत आहे. आज आपल्या पुस्तकातला कोड सरकारच्या दीक्षा ॲपमधून स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं. पण किती शिक्षक ते तासाच्या आधी स्वतः बघतात? मी माझ्या विषयाचं (इतिहास-भूगोल) सुट्टीत बघून प्रत्येक धड्यापुढे पेन्सिलने लिहून ठेवलंय, चांगलं / अर्धं चांगलं / नको. आणि चांगलं असेल तर कितव्या मिनिटाला थांबवायचं तेही. सहा मिनिटांच्या व्हिडिओतली दीड मिनिटं कामाची असतात. भूगोलात वारे, समुद्रप्रवाह, पृथ्वीचं परिवलन हे फळ्यावर कितीही काढलं तरी बाण स्थिरच राहतात, तिथं हलणारं चित्र पाहिजेच. इतिहासात मात्र मी पॅनल जवळपास वापरत नाही, जुने नकाशे आणि किल्ल्यांचे फोटो सोडून.

प्रश्न विचारण्यासाठी प्लिकर्स म्हणून एक प्रकार आहे तो करून बघा. मुलांच्या हातात फक्त कागदाचं कार्ड, कार्ड ज्या बाजूने धरलं ते उत्तर, शिक्षकाने आपला एक फोन वर्गावरून फिरवला की कोणाचं काय उत्तर ते दिसतं. शेजाऱ्याला कळत नाही कोणी काय दिलं, त्यामुळे लाजरी मुलंही उत्तर देतात. नेट लागतं पण त्याला.

जुनी_पाटी
नेट नसेल तर पाटी आहे. उत्तर पाटीवर लिहा, पाटी छातीशी उलटी धरा, "वर" म्हटलं की सगळ्यांनी एकदम वर. एका नजरेत कळतं कोण कुठे आहे. आमच्या काळी हेच करायचो.

खडू_आणि_क्यूआर
सर एकदम बरोबर, तत्त्व तेच आहे. सगळ्यांनी एकाच वेळी उत्तर द्यायचं आणि ते शिक्षकाला दिसायचं.

नदीकाठचा
मी जरा वेगळं बोलतो, रागावू नका कोणी. हे सगळं करायला वेळ कुठाय? सकाळी हजेरी ऑनलाइन, पोषण आहाराची नोंद ऑनलाइन, मग कुठल्या तरी दिनाचा कार्यक्रम करून फोटो अपलोड, मग वरून आलेल्या लिंकवर माहिती भरा, मग भरलेल्या लिंकचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका. आमच्या शाळेत दोन शिक्षक आणि चार वर्ग. एक जण लिंक भरत असतो तेव्हा दुसरा चार वर्ग सांभाळतो. शाळेत तंत्रज्ञान आलं म्हणजे आमच्यासाठी हे आलं. मुलांपर्यंत पोचायच्या आत आमचा दिवस संपतो. जे तंत्रज्ञान शिक्षकाचा वेळ खातं त्याला शैक्षणिक म्हणू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सोलर_सर
+१. यावर वेगळा धागा व्हायला हवा, खरंच.

संख्यारेषा
नदीकाठचा, यात रागावण्यासारखं काही नाही. तासातून काय बाहेर पडतंय हा माझा प्रश्न या लिंकांनाही लागू आहे, आणि तो वरच्या बैठकांत विचारला गेला पाहिजे.

पालक_परभणी
वाचून बऱ्याच गोष्टी कळल्या. पालकसभेत शाळेला विचारणार आहे की व्हिडिओ किती वेळ लावता आणि मधे थांबवून प्रश्न विचारता का. आणखी काय विचारावं?

उजेडवाट
वहीत त्या दिवशीचं काय असतं ते बघायला मागा. आणि मागच्या बाकावरून अक्षर दिसतं का ते स्वतः बसून बघा.

घाटमाथा
सगळ्यांचे खूप आभार, इतकं सविस्तर लिहाल असं वाटलं नव्हतं. तुमचं सगळं वाचून मी पहिल्या सत्रासाठी जे ठरवलंय ते लिहिते, खटकलं तर बोला.

जे हाताने करता येतं ते पॅनलवर नाही. मटकीला मोड, चुंबक, चंद्राच्या कला या बॅटरी आणि चेंडू घेऊन अंधाऱ्या खोलीत, कारण तिथं मूल स्वतः पृथ्वी होऊन उभं राहतं आणि चेंडू स्वतःभोवती फिरवतं. अरविंद गुप्तांची खेळण्यांची पुस्तकं त्यांच्या साइटवर मराठीतही आहेत, त्यातलं बरंच आमच्या कपाटात तयार आहे. विजेचं मंडलही आधी खरं, सेल आणि बल्ब घेऊन, आणि मग सिम्युलेशनवर, कारण खऱ्या तारेत काय वाहतंय ते दिसत नाही आणि तिथं दिसतं.

पॅनलवर जाणार ते हलणारं, फार लहान, फार मोठं, किंवा ओढून बदलून बघायचं. भूमिती, कणांची हालचाल, रक्ताभिसरण, आलेख. आठवीचं चक्रवाढ व्याज स्प्रेडशीटवर करणार, दर बदलला की वीस वर्षांनी काय होतं ते पोरांनीच आकडा बदलून बघायचं. आमच्याकडे घराघरात बाळहिरडा गोळा करून विकतात, पैसे एकदम हातात येतात आणि संपतात, तेव्हा हे गणित त्यांच्या घरी जाईल अशी मला आशा आहे.

दाखवण्याआधी प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा. अंदाज लिहिल्याशिवाय बटण दाबायचं नाही. मधे थांबवायचं, जुनी_पाटी सरांच्या पद्धतीने पाट्या वर. आणि पडद्यावर जे दिसतंय ते तोंडाने बोलायचं, हे उजेडवाट ताईंचं, आता सवय लावते.

एका खोलीत दोन वर्ग असतात तेव्हा पॅनल सातवीला, त्या वेळी सहावी बाहेर ओट्यावर जोडीने उदाहरणं सोडवते. मग उलट. आणि संख्यारेषा ताईंनी जे अडीच इयत्ता मागे म्हणून लिहिलंय ते वाचून सत्राच्या सुरुवातीला सगळ्यांची वजाबाकी-भागाकाराची तोंडी चाचणी घेणार, कोण कुठल्या पायरीवर आहे त्याची यादी करून शेवटचा तास त्यासाठी.

जुनी_पाटी
मॅडम, अंदाज आधी लिहून घेण्याचं फार आवडलं. अंदाज चुकला तर तो खोडू देऊ नका. शेजारी बरोबर उत्तर लिहू द्या, चुकलेला तसाच राहू द्या. वहीत त्याचा विचार कसा बदलला ते दिसलं पाहिजे. वाईकडे आलात तर शाळा दाखवतो, तिथली नवी मंडळी चांगलं काम करतायत.

घाटमाथा
नक्की येते सर. खोडायचं नाही हे यादीत घातलं.

सोलर_सर
मॅडम, सातवीच्या पहिल्या धड्याच्या जिओजेब्रा फाईल तयार करून ठेवल्यात, कोनदुभाजक आणि लंबदुभाजक दोन्ही, लेबल मराठीत. व्यक्तिगत निरोपातून मेल कळवा, पाठवतो. अजून कोणाला हव्या असतील तर इथंच सांगा. आणि इन्व्हर्टर घेतलात का? बॅटरी ट्युब्युलर घ्या, तुमच्याकडे लाईट जास्त वेळ जाते.

घाटमाथा
मेल पाठवलाय. इन्व्हर्टरचं बिल संयुक्त शाळा अनुदानात बसवायचं का लोकवर्गणीतून, यावर परवा समितीची मीटिंग आहे. आमचा पट तीसच्या वर आणि शंभरच्या आत, म्हणजे अनुदान २५ हजार, त्यातच रंगरंगोटी आणि खडूही. तुमच्या शाळेने कशातून घेतला?

सोलर_सर
आम्ही निम्मं माजी विद्यार्थ्यांकडून घेतलं, गावातली पोरं पुण्यात कामाला आहेत त्यांनी दिले. ठरावात मात्र दुरुस्ती कोण करणार तेही लिहून घ्या आत्ताच, नंतर कोणी लिहून देत नाही.

नदीकाठचा
फाईल मलाही पाठवा सर. दोन शिक्षकी आहे पण सातवीपर्यंत नाही, चौथीचं काही असेल तर बघा, अपूर्णांकाचं विशेषतः.

सोलर_सर
अपूर्णांकाचं फेटवर मराठीत आहे, उतरवून उद्या संध्याकाळी पाठवतो.